ट्रॉलीत ऊस किती भरावा? वजनाचा आकडा फडातच कळावा



गळीत हंगाम सुरू झाला की बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता काय आणि गावागावांतले जिल्हा परिषदेचे रस्ते काय, उसाच्या गाड्यांनी भरून जातात. फडातून ट्रॉली बाहेर निघाली की बांधावर उभा असलेला सभासद विचारतो, "भाऊ, किती भरली?" ड्रायव्हर सांगतो, "गच्च भरली, आप्पा." दोघांचेही समाधान होते. पण गच्च हे काही वजन नव्हे. खरे वजन कळते ते कारखान्याच्या काट्यावर, आणि तोवर ती गाडी वीस-पंचवीस किलोमीटर रस्ता, पाटचारीवरच्या दोन-तीन मोऱ्या, एखादा पूल आणि बाजाराच्या दिवसाची गर्दी ओलांडून आलेली असते. काट्यावरच्या आकड्याने ऊसबिल निघते, झालेली वाट काही परत फिरत नाही. म्हणून हा आकडा मोळ्या चढवतानाच कळला पाहिजे. तो कळू शकतो, आणि त्याला काही खर्चही येत नाही. कसे, ते या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याचे थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ११३ व्या कलमाने वजनाची मर्यादा घातली आहे. प्रत्येक गाडीच्या आर. सी. बुकात दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरा मालासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो. ट्रॅक्टरचे बुक वेगळे, ट्रॉलीचे वेगळे, आणि मागे दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींची बुके वेगळी. यात आपल्या लोकांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट अशी की, मालासकट वजन जास्त झाले तरच गुन्हा होतो असे नाही. रिकाम्या गाडीचे वजन बुकातल्या आकड्यापेक्षा जास्त भरले तरी याच कलमाचा भंग होतो. हे का सांगितले ते पुढे येईल.

दुसरे असे की, जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालट्रकच्या आसांवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एका आसाला पूर्वी १०.२ टन होते, त्याचे ११.५ टन झाले. ही बातमी पेपरात आली तेव्हापासून बऱ्याच जणांची समजूत झाली की आता सगळ्यालाच सूट आहे. तसे नाही. तपासणीला उभा असलेला अधिकारी आपल्या बुकातला आकडा बघतो, पेपरातला नाही. तेव्हा हंगामाआधी एकदा बुक काढून दोन्ही आकडे वाचावेत. बुक सावकाराकडे किंवा फायनान्सवाल्याकडे अडकलेले असेल तर निदान त्याची नक्कल तरी जवळ असावी.

आता हिशेब. मालासकट वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ते आपल्या उसाचे. हिशेबापुरते आकडे धरू. समजा एका ट्रॉलीचे बुकातले भरलेले वजन ९,००० किलो आणि रिकामे २,००० किलो आहे. म्हणजे ऊस भरायला ७,००० किलो मिळाले. कागदावर हे बरोबर आहे. पण ती ट्रॉली आज खरोखर २,००० किलोची राहिली आहे का? घेतली तेव्हा होती. नंतर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चारी बाजूंना उंच अँगल बसवले. खाली पत्रा फाटला म्हणून त्यावर दुसरा जाड पत्रा मारला. पाटे बसले म्हणून दोन पाटे वाढवले. शिवाय जॅक, स्टेपनी, साखळदंड, दोर, आणि टोळी मुक्काम हलवणार असेल तेव्हा चुलीपासून शेळीपर्यंत सारा संसार. काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन घेतात त्याला आपण टेअर म्हणतो. हा टेअर पावतीवर छापलेला असतो आणि सभासद त्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण त्याला नेट वजनाशी मतलब. समजा तिथे ट्रॉलीचे रिकामे वजन २,३५० किलो निघाले. म्हणजे ३५० किलो ऊस भरण्याआधीच खर्ची पडला. राहिले ६,६५० किलो. वर सांगितल्याप्रमाणे बुकातल्यापेक्षा रिकामी गाडी जड झाली हाही भंगच, तो वेगळा.

पाट्यांविषयी जरा बोलले पाहिजे. पाटे वाढवले की ट्रॉली कमी दबते आणि बघणाऱ्याला वाटते, गाडीची ताकद वाढली. पाट्याने फक्त दबणे कमी होते. आस तोच, बेअरिंग तेच, चाकाचे नट तेच, टायर तेच. टायरच्या बाजूवर त्याला किती भार आणि किती हवा झेपते ते उठवलेले असते. आधी ट्रॉली दबून सांगायची की बाबा, पुरे कर. पाटे वाढवून आपण तिचे सांगणे बंद केले, एवढेच होते.

बरे, ६,६५० किलो म्हणजे ट्रॉलीत कुठवर? इथेच आपल्याजवळच्या जुन्या पावत्या उपयोगी पडतात. प्रत्येक सभासदाच्या घरी कोनाड्यात नाहीतर खुंटीच्या पिशवीत वजनाच्या पावत्यांची चवड असते. गाडी निघण्यापूर्वी ट्रॉलीच्या तळापासून उसाची थप्पी किती फूट आली ते टेपने मोजावे आणि दुपारी पावती आली की तिच्या मागे पेन्सिलने ते लिहून ठेवावे. समजा सारख्या मापाच्या दोन ट्रॉल्या होत्या, थप्पी पाच फूट होती आणि नेट वजन १८,६०० किलो आले. एका ट्रॉलीत ९,३०० किलो, म्हणजे फुटामागे १,८६० किलो. आपल्याला चालणार ६,६५०. भागून बघितले तर साडेतीन फुटांवर थांबायला पाहिजे होते. त्या उंचीवर अँगलला चारी बाजूंनी लाल रंगाचा पट्टा ओढावा. तोडणीवाल्याला ना किलो सांगावे लागतात ना टन. "पट्ट्याच्या वर मोळी नको" एवढे पुरते.

हा पट्टा सगळ्या उसाला सारखा लागू पडत नाही, हे खरे. ८६०३२ चा सरळ ऊस दाट बसतो, वादळात लोळलेला वाकडा ऊस पोकळ बसतो. पहाटे दवात तोडलेला, पाचट नीट न काढलेला ऊस वेगळा आणि दुपारचा वेगळा. हार्वेस्टरने तोडलेल्या तुकड्यांचा हिशेब अगदीच निराळा, त्याची खूण वेगळी करावी. पण चार-पाच पावत्यांवर उंची लिहिली गेली की आपल्या शेताचा अंदाज बसतो. आणि अंदाजच घ्यायचा तर जड उसाचा घ्यावा. ज्यांच्याकडे जुन्या पावत्या नाहीत त्यांनी दहा मोळ्या धान्याच्या काट्यावर वजन करून सरासरी काढावी आणि मोळ्या मोजून भराव्यात. मोळ्या मोजायची सवय आपल्या भागात होतीच, ती मध्येच सुटली.

"दोन मोळ्या जास्त, काय फरक पडस?" असे म्हणणारे भेटतील. दोन मोळ्यांनी पडत नाही. वरच्या उदाहरणात मात्र एका ट्रॉलीवर २,६५० किलो जादा होते, दोन्हींवर मिळून ५,३०० किलो. डोळ्यांना ती फक्त दीड फूट थप्पी दिसली.

या जादा भाराचे काय होते ते ट्रॅक्टरवर बसलेल्याला विचारावे. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागे दोन ट्रॉल्या मिळून तेवीस टनांवर. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे नऊ-दहा पट जड. सपाटीवर इंजिन ते ओढून नेते, म्हणून वाटते की झेपते. इंजिनाला झेपते, ब्रेकला झेपत नाही. ज्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि आपल्याकडे अशाच जास्त दिसतात, तिथे सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी थोपवायचा असतो. यावल-रावेर पट्ट्यात सातपुड्यातून उतरणारे नाले आणि सुकी, मोर यांसारख्या नद्या ओलांडताना रस्ता खाली उतरतो आणि परत चढतो. उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला ढकलतो. ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला की ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. ती बाजूने पुढे येते आणि ट्रॅक्टरला आडवा पाडते. चढावर उलटे होते. मागचा ओढा इतका असतो की पुढची चाके हलकी पडतात, कधी जमीनच सोडतात. चाक जमिनीला टेकले नाही तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळणार नाही. पुढच्या बंपरवर दगड, नाहीतर दोन माणसे बसवून चाके खाली धरण्याचा प्रकार काही ठिकाणी पाहायला मिळतो. माणसे म्हणजे काही लोखंडी वजने नव्हेत. हा प्रकार ज्या सभासदाच्या बांधावर होत असेल त्याने तिथल्या तिथे थांबवावा.

उंचीचा धोका आणखी वेगळा. थप्पी जितकी वर चढते तितका भाराचा मध्य वर जातो, चाकांमधली रुंदी मात्र तेवढीच राहते. मग साइडपट्टीवर एक चाक उतरले, किंवा मोरीजवळ खड्डा चुकवायला गाडी वळवली, एवढ्यानेही ती कलंडते. ऊस दोराने कितीही आवळला तरी मोळ्या एका बाजूला सरकतात, आणि सरकल्या की परत येत नाहीत.

भरलेल्या मालावर माणसे बसवण्याविषयी तर सांगितलेच पाहिजे. १४ आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या दरम्यानच्या रात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि पंधरा मजूर जागीच गेले. रावेर तालुक्यातल्या गावांतली गरीब माणसे, धुळ्याकडून काम करून घरी परतत होती. त्या गाडीचे वजन किती होते, चूक कोणाची होती, हा पोलीस आणि कोर्टाचा विषय. आपण एवढे ध्यानात घ्यावे की माल आणि माणसे एकाच गाडीवर असली की गाडी उलटल्यावर माणसे मालाखाली जातात. पपईच्या जागी ऊस ठेवून बघा. तोडणीची टोळी रात्री भरलेल्या ट्रॉलीवर, लेकरांसकट झोपून येते, हे चित्र आपल्यापैकी कोणाला नवे नाही. याला विम्याचीही बाजू आहे. मालवाहू गाडीवर फुकट बसलेल्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर कायद्याने त्याची गोष्ट वेगळी. पण टोळीतली बाई आणि तिचे लेकरू यात कुठे बसणार? ती भरपाई मग गाडीमालकाच्या घरादारावर येते.

दंडाचे आकडे बऱ्याच जणांना जुनेच माहीत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमात जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, असा दंड घातला आहे. पाच टन जादा म्हणजे तीस हजार. त्याशिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा, आणि तो उतरेपर्यंत गाडी जागची हलवू देत नाहीत. माल बाजूंनी, पुढे-मागे किंवा उंचीने ठरल्यापेक्षा बाहेर आला तर त्यालाही वीस हजारांचा दंड आहे. वजन करायला गाडी थांबवली नाही किंवा नकार दिला, तर चाळीस हजार. "इथे काटाच नाही, वजन करणार कसे?" अशी सबब चालत नाही. कलम ११४ प्रमाणे पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर गाडी न्यायला सांगता येते. आणि तो काटा बहुधा आपल्याच कारखान्याचा निघेल.

दंड भरून जादा माल तसाच पुढे न्यायचा, हा मार्गही बंद आहे. काही राज्यांनी पूर्वी पैसे घेऊन अशी मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि जादा माल उतरवलाच पाहिजे, असे सांगितले. शिवाय या कलमात नुसता ड्रायव्हर सापडत नाही. जो अशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही सापडतो. "ट्रॉली वाहतूकदाराची, माझा काय संबंध?" असे म्हणण्यापूर्वी "सगळा ऊस आजच उचल, खेप वाचव" असे फडात कोण म्हणाले होते, हे आठवून पाहावे.

खेपांचा प्रश्न खरा आहे, तो झाकून उपयोग नाही. वरच्याच उदाहरणात ९३ टन उसाला गच्च भरून पाच खेपा लागतात, पट्ट्यापर्यंत भरून सात. दोन खेपांचे डिझेल आणि ड्रायव्हरचा दिवस जास्त जातो. वाहतुकीचा दर टनावर ठरतो, त्यामुळे जो जास्त भरतो त्याला जास्त मिळते आणि जो नियमाने भरतो तो तोट्यात राहतो. त्यातून मधल्या काळात खानदेशातले काही कारखाने बंद पडल्याने बऱ्याच गावांचा ऊस पूर्वीपेक्षा लांब न्यावा लागतो. ही अडचण ड्रायव्हरच्या माथी मारून सुटणार नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच ऊसबिलातून वजा होतो, तेव्हा दर ठरताना बुकातल्या मर्यादेप्रमाणे भरलेली खेप हिशेबात धरली जाते की गच्च भरलेली, हे विचारण्याचा हक्क सभासदाला आहे. वार्षिक सभेत साखरेच्या वाटपावर तासभर बोलणे होते. या विषयाला दहा मिनिटे मिळाली तरी चालतील.

कारण दुसऱ्या बाजूचा खर्च कुठल्याच पावतीवर छापून येत नाही. रस्त्याचेच घ्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले आणि झीज मोजली. त्यात दिसले की आसावरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. भार दुप्पट केला तर झीज सोळापट. आपली ट्रॉली ९,००० ऐवजी ११,६५० किलोची झाली, म्हणजे सव्वापटीहून थोडी जास्त, तर झीज पावणेतीन पटीच्या वर गेली. खेपा कमी झाल्या हे धरूनही टनामागे रस्त्याची झीज दुपटीच्या घरात जाते. त्याच रस्त्याने आपली पोरे सायकलवर शाळेत जातात आणि बाळंतीण दवाखान्यात नेतात. हतनूरच्या किंवा गिरणेच्या पाटावरच्या लहान मोऱ्या तर बैलगाडीच्या काळच्या हिशेबाने बांधलेल्या. मोरी खचली की पाणी बंद, आणि पाणी बंद झाले की ऊसच अडचणीत.

आपल्या शेताचेही पाहावे. काळ्या जमिनीत ओल असताना जड ट्रॉली आत घातली की चाकाच्या वाटेवरची जमीन खालपर्यंत दाबली जाते. वरची चार-सहा बोटे नांगराने मोकळी होतील, पण खोलवरचा दाब आसावरच्या एकूण भाराने पडतो आणि तो लवकर जात नाही. त्या वाटेवर खोडवा विरळ फुटतो. बांधाखालून गेलेली पाइपलाइन फुटली तर तिचे बिल निराळे. आणि गाडी वाटेत कलंडली, किंवा टायर फुटून रस्त्यात उभी राहिली, तर तोडलेला ऊस उन्हात वाळत पडतो. जितका वेळ जाईल तितके वजनही घटते आणि साखरही उतरते. वाचवलेली खेप तिथेच गेली.

टायरगाडीवाल्यांना वाटेल, आपण यातून सुटलो. बैलाच्या आकारमानाप्रमाणे आणि गाडीच्या चाकाप्रमाणे ओझ्याची मर्यादा ठरवणारे नियम केंद्राने १९६५ सालीच केले आहेत. त्याला दंडाची भीती दाखवायची गरज पडू नये. चढावर बैल गुडघ्यावर येतो तेव्हा ओझे किती झाले ते त्यानेच सांगितलेले असते.

आता एक व्यवहाराची गोष्ट राहिली. काट्यावर ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या एकदमच चढतात, त्यामुळे पावतीवर सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो. वर दोन ट्रॉल्या सारख्या धरल्या, पण प्रत्यक्षात पुढची जड आणि मागची हलकी, किंवा उलटे, असे असू शकते. म्हणून हंगामात एकदा तरी हूक सोडून दोन्ही वेगळ्या तोलाव्यात, रिकाम्याही आणि भरलेल्याही. ट्रक असेल तर आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा लिहावा, मग पूर्ण गाडी घ्यावी. वजाबाकीने मागच्या आसावरचा भार कळतो. एकूण वजन मर्यादेत असूनही सगळा ऊस मागे रेटून भरल्यामुळे मागचा आस जादा झाला, असे पुष्कळदा निघते. हे काम यार्डात चार-चार तासांची रांग लागलेली असताना कोणी करू देणार नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात किंवा पहाटेच्या पाळीत गेल्यास काट्यावर वेळ असतो. जाताना आर. सी. बुक आणि टेप बरोबर घ्यावा. आकडे मिळाले की ते ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर रंगाने लिहून टाकावेत: रिकामे किती, बुकाप्रमाणे भरलेले किती, आणि ऊस किती.